वंशावळ नको, फेरीची वेळ सांगा

रोलप्लेइंग खेळांसाठी आलेल्या नगर-पुरवण्या साभार परत गेल्या म्हणून लेखकमंडळी रुसली आहेत. केरीतल्या आमच्या पत्त्यावर आलेल्या पत्रांचा सूर साधारण एकच आहे : ‘महिनोन्‌महिने खपून शहर उभं केलं, बाराशे वर्षांचा इतिहास लिहिला, सात राजघराणी, त्यांच्या मुद्रा, ध्वज, कुलदैवतं सगळं दिलं, आणि तुम्ही दोन ओळींची चिठ्ठी जोडून परत पाठवलंत.’ होय, पाठवलं. पुढच्या वेळीही पाठवू. चिठ्ठीतल्या दोन ओळी कमी पडल्या असतील तर आज पूर्ण संपादकीय घ्या.

समजा, सेशन रंगात आलेलं आहे. पार्टीतल्या चोराने देवळातून लांबवलेली मूर्ती झोळीत आहे. खेळगडी म्हणतो, ‘मी बाजाराकडे जात नाही, डावीकडच्या बोळात शिरतो. इथे चोरीचा माल घेणारा कोण आहे?’ खेळ चालवणाऱ्या जीएमला उत्तर द्यायला वेळ किती? समोरच्याने तोंडात टाकलेलं फरसाण गिळेपर्यंतचा. तेवढ्यात त्याने पुरवणी उघडायची. आणि पुरवणी सांगते की हा मोहल्ला तिसऱ्या कुठल्याशा सेनाने वसवला, घरांच्या कमानींवर कमळं कोरलेली आहेत आणि इथले लोक आतिथ्यशील पण सावध आहेत. जीएम पुरवणी मिटतो आणि मनाला येईल ते ठोकून देतो. हे त्याला पुरवणीशिवायही करता आलं असतं.

आलेल्या हस्तलिखितांत राजवाड्याच्या घुमटाची उंची होती. राजवाड्याचा दरवाजा रात्री किती वाजता बंद होतो, बंद झाल्यावर कोणाला उठवलं तर उघडतो आणि त्या उठण्याचे तो किती घेतो, हे मात्र जवळजवळ कोणीच लिहिलेलं नव्हतं. आमचं सगळं भांडण एवढ्यापुरतं आहे. शहर म्हणजे अडवणूक. इथून तिथे जायला, एखादी गोष्ट मिळवायला, एखाद्या माणसाला भेटायला काय आड येतं आणि ते कशाने बाजूला होतं, हे जी पुरवणी पानोपानी सांगते ती टेबलावर चालते. बाकीच्या कपाटात छान दिसतात.

आमच्या दाराशीच उदाहरण आहे. केरीच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर तेरेखोलचा किल्ला दिसतो. मध्ये फक्त नदी. नकाशावर बोट ठेवलं तर दोन्ही काठ एकाच बोटाखाली येतील. आता यावर आमचे लेखक काय लिहितील ते आम्ही आजच सांगतो : किल्ला वाडीच्या सावंतांनी बांधला, १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला, आत सेंट अँथनीचं चर्च आहे, १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी त्यावर तिरंगा फडकवला. सगळं खरं, आणि सगळं मिळून तीन ओळींचं काम. जीएमला हवं आहे ते वेगळंच. फेरीबोट नदी परिवहन खात्याची, म्हणजे सरकारी वेळापत्रकाची. शेवटची फेरी चुकली की चुकली. पाणी ओसरलेलं असलं तर वेळापत्रकाचाही भरवसा नाही. मग किरणपाणीला जाऊन पुलावरून आरोंद्याला उतरायचं आणि रेडीकडून वळसा घालून तेरेखोलला यायचं. म्हणजे गोव्यातून गोव्यात जायला महाराष्ट्र ओलांडायचा. दोन राज्यांचे पोलीस, दोन राज्यांचे दारूचे दर. नाहीतर अंधारात होडीवाला शोधायचा.

बघा, एक फेरी चुकवली आणि संध्याकाळभराचा खेळ उभा राहिला. पार्टी पाठलागावर असो की पळ काढत असो, निर्णय तिला घ्यावाच लागतो : थांबायचं, वळसा घालायचा की होडीवाल्याला सामील करून घ्यायचं. होडीवाला कोण, त्याचं फेरीवरच्या माणसांशी जमतं का, तो पैसे घेतो की उपकार लक्षात ठेवतो, एवढं लिहिलं की ते पान पुढच्या दहा सेशनांत उघडलं जाईल. घुमटाची उंची एकदाही नाही.

आता कोणी म्हणेल, हे संपादकाचं घरगुती शहाणपण. तसं नाही. या धंद्याची सुरुवातच अशी झाली. १९७६ साली जजेस गिल्डने ‘सिटी स्टेट ऑफ द इन्व्हिन्सिबल ओव्हरलॉर्ड’ काढलं. डंजन्स अँड ड्रॅगन्सला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. गद्य ओबडधोबड, छपाई तशीच. पण दुकानामागून दुकान, प्रत्येकात माणूस, त्याच्याकडचा माल आणि कानावर घालायला एखादी वावडी. रस्त्याने चालत जा आणि वाचत जा. १९८१ च्या केऑसियमच्या ‘थीव्ह्ज वर्ल्ड’मध्ये कुठल्या भागात, कुठल्या वेळी कोण भेटतं याची टेबलं होती. १९८५ च्या ‘लांखमार’मध्ये नकाशावर जागा मुद्दाम कोऱ्या सोडल्या होत्या, बोळ तुम्ही भरा म्हणून. ‘टॉलस’ (२००६) सहाशेहून जास्त पानांचं आहे आणि तरी चालतं, कारण समासात पुढच्या-मागच्या पानांचे आकडे दिले आहेत. नाव वाचलं की पान सापडतं. आमच्याकडे आलेल्या जाड हस्तलिखितांना साधी अनुक्रमणिकाही नव्हती! आणि ‘ब्लेड्स इन द डार्क’मधलं डॉस्क्वॉल (२०१७) तर एकेका वस्तीला श्रीमंती, बंदोबस्त, गुन्हेगारी आणि भुताटकी असे चार निकष लावून पुढे सरकतं. चार आकड्यांत जीएमला कळतं की इथे शिट्टी वाजली तर कोणी धावून येणार की नाही.

इंग्रजी पुस्तकांचे दाखले दिले की आमच्यातले काही जण लगेच त्यांची नक्कल पाठवतात, म्हणून घरचेही देतो. महानुभावांची ‘स्थानपोथी’ काढून बघा. चक्रधरस्वामी कुठे राहिले, कुठे बसले याची नोंद. देऊळ कुठल्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कुठल्या अंगाला काय. शेकडो वर्षांपूर्वीची मराठी ‘लोकेशन की’, म्हणजे ठिकाणांची यादी, आहे ती. गोविंद नारायण माडगांवकरांचं ‘मुंबईचें वर्णन’ १८६३ चं, आणि ना. वि. जोशींचं ‘पुणे शहराचें वर्णन’ १८६८ चं. दोन्हींतून बाजार, धंदे, रस्ते उचलावेत आणि आपल्या नगरात सरळ वसवावेत.

आणि जुनं गोवं! लिन्स्खोटेन हा डच तरुण आर्चबिशपच्या पदरी कारकुनी करत १५८३ ते १५८८ गोव्यात होता. १५९६ ला त्याचं पुस्तक आलं. मुख्य रस्त्यावर रोज सकाळी, ऊन तापायच्या आत भरणारा लिलाव त्याने लिहून ठेवला आहे. पुकारे करणारे अंगाखांद्यावर विकायच्या सोनसाखळ्या, मोती, अंगठ्या लटकावून फिरतात. घोडे, गुलाम, कापड विकलं जातं, आणि मेलेल्या माणसाची चीजवस्तूही तिथेच येते. काल रात्री मेलेल्या व्यापाऱ्याची पेटी सकाळी भर रस्त्यात लिलावाला येणार आहे आणि तिच्यात काय आहे ते फक्त तुमच्या पार्टीला आणि आणखी एका माणसाला माहीत आहे. याहून चांगला हुक आम्हाला तरी कोणी पाठवलेला नाही.

पेशवाईतलं पुणंही असंच. रात्री तोफ होई. तोफेनंतर रस्त्यावर सापडेल त्याला कोतवालाची माणसं धरत. हा एक नियम लिहिला की शहराची रात्र तयार झाली : कोणाला परवाना मिळतो, कोण परवान्याची नक्कल करून देतो, तोफ दोन मिनिटं उशिरा उडवायला गोलंदाज काय घेईल. घाशीराम कोतवालाचं काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. १७९१ साली कोंडून ठेवलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि जमावाने कोतवालाला दगडांनी ठेचलं. आपण त्याचं नाटक तेवढं आठवतो. जीएमने त्यातली यंत्रणा बघावी : एका खात्याला रात्रीची पूर्ण सत्ता, वर दाद लागत नाही, आणि एक दिवस लोक उठतात. अख्खं कॅम्पेन आहे हे.

इतकं हाताशी असताना आलेल्या बहुतेक शहरांत पहिलंच ठिकाण काय? एक मधुशाला. गलेलठ्ठ मालक, कोपऱ्यात टोपी ओढून बसलेला अनोळखी इसम, वर भाड्याच्या खोल्या. पेडणे, डिचोलीच्या लेखकांनीही हेच पाठवावं याचं आम्हाला जास्त वाईट वाटतं. आपल्याकडे तावेर्न आहे, ते बघा की. फेणी मोजून देणारं कोण, उधारी कोणाची चालते आणि कोणाची बंद झाली, जमीनमालक भाटकार आत आला की त्याच्या जमिनीवर राहणारा मुंडकार उठून जातो की मुद्दाम बसून राहतो. भाटकार-मुंडकार, गावकरी, देवस्थानाचे महाजन, सीमेवरचा राखणदार, हे सगळं सोडून आमचे लेखक चोरांचं गिल्ड काढतात आणि त्याला सात पातळ्या देतात.

एनपीसींबद्दल, म्हणजे जीएमने वठवायच्या पात्रांबद्दल, एवढंच की दशावताराला जाऊन बसा. छापील संवाद नसतात. कोणी कोण व्हायचं, आख्यान काय, कोण कोणाला कुठे भेटणार, इतकं ठरलेलं असतं, बाकी रंगमंचावर. नटाला राजाच्या आजोबाचं नाव लागत नाही. समोरच्या पात्राकडून त्याला काय हवं आहे ते लागतं. तुमच्या पुरवणीतल्या माणसांना तेवढंच द्या. मसाल्याच्या व्यापाऱ्याला जकातदाराची मुलगी सून म्हणून हवी आहे, जकातदाराला व्यापाऱ्याचं गोदाम. आणि मुलगी होडीवाल्याबरोबर पळायच्या बेतात आहे. वय, उंची, डोळ्यांचा रंग राहू द्या.

पानांविषयी आम्ही एवढे चिडचिडे का, त्याला आणखी एक कारण आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छपाईच्या कागदावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. पुस्तक करमुक्त, नियतकालिक करमुक्त, म्हणून कागदावर भरलेला कर परत मिळत नाही. तो आमच्याच खिशातून जातो. शाळेच्या वह्यांच्या कागदाला शून्य, छापायच्या कागदाला १८. शहाणपणाची कमाल पुढे आहे. नकाशांवर जुलै २०२२ मध्ये १२ टक्के बसवले होते, ते याच फेरीत शून्य केले. पत्ते आणि पटावरचे खेळ ५ टक्क्यांवर आले. म्हणजे आम्ही पुस्तक, नकाशा आणि भेटींच्या पत्त्यांचा जोड असा डबा काढला तर त्यातल्या दोन वस्तू शून्याच्या आणि एक पाच टक्क्यांची. कायद्याने हा मिश्र पुरवठा ठरला तर सगळ्यात चढा दर अख्ख्या डब्याला. शून्याच्या पुस्तकावर कर, का, तर शेजारी पत्ते बसले आहेत. वीस बाजूंचा फासा हा खेळ की प्लास्टिकची सुटी वस्तू? नसलेल्या शहराचा नकाशा हा नकाशा की चित्र? आम्ही सल्लागाराला विचारलं. तो म्हणाला, आधी हे शहर कुठल्या तालुक्यात येतं ते सांगा.

दर ठरवणाऱ्यांनी कधी डबा उघडून बघितला असेल असं वाटत नाही. पण आपल्यातल्यांनीही काही कमी केलेलं नाही. एका वर्गणीदाराचा अंक स्कॅन होऊन पाच टेबलांवर फिरतो, आणि त्याच पाच टेबलांवरून पत्र येतं की यंदा रंगीत नकाशा का नाही.

तेव्हा आता काम. शहर पाठवू नका, एक रस्ता पाठवा. छापील दोन पानं, त्याहून एक ओळ जास्त नको. रस्त्यावर सहा-सात दारं पुरेत. प्रत्येक दारामागे एक माणूस, त्याला याच रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाकडून काय हवं आहे, आणि तो पैशाने वळतो की भीतीने की लाजेने. सकाळी, दुपारी आणि तोफेनंतर रस्ता कसा बदलतो ते टेबलात. रस्त्याला अडवणारी एक गोष्ट हवीच : जकात, देवळाची पालखी, भरतीचं पाणी, कुत्री, काहीही, आणि ती ओलांडायचे किमान दोन मार्ग, त्यांतला एक महाग. पार्टीने काहीच केलं नाही तर पुढच्या अमावास्येपर्यंत इथे काय घडणार, ते एका ओळीत. नियमप्रणाली कुठलीही चालेल, स्टॅट ब्लॉक आम्ही लावून घेऊ.

पाठवण्याआधी आपल्याच टेबलावर एकदा खेळवा, आणि तुम्ही स्वतः जीएम होऊ नका. दुसऱ्या कोणाच्या हाती पानं द्या, गप्प बसा आणि तो कुठे अडखळतो त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारा. रेघा मारलेलीच प्रत आम्हाला पाठवा, स्वच्छ नको. अडखळण्याच्या जागा आम्हालाही बघायच्या आहेत. नकाशा हाताने काढलेला चालेल. उत्तर कुठे आहे आणि पाणी कुठल्या बाजूला वाहतं ते दाखवा, घरांना पुरवणीतलेच आकडे घाला. पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत आलेले रस्ते एकमेकांना जोडून शहर आम्ही इथे बांधू, आणि ज्या दोन रस्त्यांची सांगड बसणार नाही त्यांच्यामध्ये नदी घालू.