नक्कल स्वस्त, रुजवात महाग

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघाचा निकाल अवघ्या २९६ मतांनी लागला. विजयी उमेदवाराचे अर्ज दुपारी तीनची मुदत टळून गेल्यावर स्वीकारण्यात आले, असा पराभूत पक्षाचा आक्षेप होता. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनात आणि दालनाबाहेर कॅमेरे असल्यामुळे हा वाद चित्रण पाहून मिटावयास हरकत नव्हती. चित्रणाच्या तबकड्या न्यायालयापुढे आल्याही. परंतु त्या मूळ चित्रणाच्या खऱ्या नकला आहेत, असे कायद्याला अभिप्रेत असलेले प्रमाणपत्र वारंवार मागूनही संबंधित अधिकाऱ्यांनी दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये ती निवडणूक रद्द ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अपील फेटाळताना असे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सांगितले. मात्र ते मिळविण्यासाठी ज्याने सर्व प्रयत्न केले त्याला दोष देता येणार नाही, असेही म्हटले. तोवर ती विधानसभा मुदत संपून इतिहासजमा झाली होती.

अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल हा खटला वकीलवर्गात पुराव्याच्या कायद्यासाठी ओळखला जातो. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला त्यात एक निराळी गोष्ट दिसते. नक्कल काढण्याचा खर्च जवळजवळ शून्यावर आला असला, तरी ती मुळाबरहुकूम आहे याची हमी देण्याचा खर्च मुळीच शून्य झालेला नाही आणि तो कोणी करावयाचा हे ठरलेले नाही.

कचेऱ्यांतून काम केलेल्या वाचकांना हा भेद समजावून सांगण्याची गरज नाही. जुन्या नकलांच्या तळाशी दोन सह्या असत, एक नक्कल करणाराची आणि दुसरी रुजवात घेणाराची. पहिल्याने उतरवून काढावयाचे आणि दुसऱ्याने मूळ कागदाशी ओळीगणिक ताडून पाहावयाचे, अशी ती वाटणी होती. संगणक आल्यावर पहिल्याचे काम यंत्राकडे गेले आणि यंत्र चुकत नाही या समजुतीने दुसऱ्याची जागाच आपण रद्द करून टाकली.

वस्तुतः यंत्र चुकते. कॅमेऱ्यातील कार्डावरून हार्ड डिस्कवर चित्रण उतरविताना तार सैल होते, वीज जाते, डिस्कचा एखादा भाग निकामी झालेला असतो. फाइलचे नाव आणि आकार जागच्या जागी दिसतात आणि आतील काही भाग बिघडलेला असतो. यासाठी चित्रपट व्यवसायात निराळी सॉफ्टवेअर वापरली जातात. त्यांचे काम पाहिले की आपला जुना रुजवात घेणारा आठवल्याशिवाय राहत नाही. मूळ फाइल वाचताना तिच्या सर्व अंकांवरून एक ठसा गणिताने काढला जातो, त्याला हॅश म्हणतात. एकाच वेळी दोन किंवा तीन डिस्कवर प्रती लिहिल्या जातात. मग त्या पुन्हा वाचून त्यांचे ठसे मूळ ठशाशी ताडले जातात. फाइलमधील एक अंक जरी बदलला तरी ठसा साफ निराळा येतो. ताळा जमल्याशिवाय मूळ कार्ड पुसावयाचे नाही, हा नियम. यात वेळ जातो, कारण जे एकदा लिहिले ते पुन्हा वाचावे लागते. आणि घाईच्या वेळी नेमकी हीच पायरी गाळली जाते.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने हा ठसा कायद्यात आणला, हे स्वागतार्ह आहे. कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश नोंदवावा लागतो आणि प्रमाणपत्राच्या दुसऱ्या भागावर तज्ज्ञाची सही लागते. त्याच दिवशी अंमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले. परंतु हॅश एवढेच सांगतो की, ठसा घेतल्यानंतर फाइल बदललेली नाही. घटनेनंतर सहा महिन्यांनी, न्यायालयात दाखल करावयाच्या आदल्या दिवशी घेतलेला ठसा त्या सहा महिन्यांविषयी मुका असतो. घटनास्थळावरील चित्रणासाठी ई-साक्ष्य हे ॲप तयार झाले आहे; ठाण्याच्या भिंतीवरील कॅमेऱ्याचे चित्रण मात्र त्या वाटेने येत नाही. ते पडद्यावर लावून मोबाइलने टिपले जाते, व्हॉट्सॲपवरून पुढे पाठविले जाते. व्हॉट्सॲप चित्रण सामान्यतः आकसून पाठवीत असल्याने पोहोचते ती निराळीच फाइल असते आणि तिचा ठसा मुळाशी कधीच जुळणार नाही.

ठाण्यातील कॅमेऱ्यांचा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण तेथे कोठडीतील माणसाच्या जिवाशी गाठ असते. परमवीरसिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसविण्याचा आणि चित्रण अठरा महिने, साधने उपलब्ध नसल्यास किमान एक वर्ष, जपण्याचा आदेश दिला. आता साधा हिशेब करू. एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या माफक वेगाने नोंद करीत असेल, तर दिवसाला २१.६ गिगाबाइट होतात. अठरा महिन्यांचे सुमारे ११.८ टेराबाइट भरतात. दहा कॅमेऱ्यांच्या ठाण्याला ११८ टेराबाइट लागतील आणि दुसरी प्रत ठेवावयाची तर त्याच्या दुप्पट. एवढी जागा नसली की नोंदयंत्र काय करते? सर्वांत जुन्या चित्रणावर नवे लिहू लागते. कोणी काही पुसण्याची आज्ञा द्यावी लागत नाही. यंत्राची रचनाच तशी असते. कोठडीतील मृत्यूचा तपास सुरू होईपर्यंत ती रात्र डिस्कवरून नाहीशी झालेली असू शकते, आणि ती कोणी हेतुपुरस्सर नष्ट केली की काटकसरीने, हे सिद्ध करणे जवळजवळ अशक्य होते. ठाण्यांतील बंद कॅमेऱ्यांची सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घ्यावी लागली, यावरून पाच वर्षांतील प्रगतीची कल्पना यावी.

काटकसरीची ही तऱ्हा केवळ आपलीच आहे असे नाही. चंद्रावरील पहिल्या पावलाचे मूळ, अधिक स्पष्ट चित्रण ज्या फितींवर होते, त्या बहुधा फितींच्या टंचाईमुळे पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे नासाने २००९ मध्ये सांगितले. उलट प्रकारही घडतो. १९९८ मध्ये पिक्सार या कंपनीत एका चुकीच्या आज्ञेने ‘टॉय स्टोरी २’ चा बराचसा भाग पुसला गेला. राखीव प्रती काढण्याची व्यवस्था होती, पण ती नीट चालत नसल्याचे तेव्हाच उघडकीस आले. तांत्रिक विभागातील एका बाईंनी काम करण्यासाठी घरी नेलेल्या प्रतीने चित्रपट वाचला. पैशाची चणचण नसलेल्या संस्थेतही रुजवात घेणारा नसला म्हणजे काय होते, त्याचा हा नमुना.

आपल्या सरकारी खर्चाची घडण पाहता कॅमेरा खरेदी हा भांडवली खर्च ठरतो. त्याची निविदा निघते, उद्‌घाटन होते, छायाचित्र येते. डिस्क काही वर्षांनी बदलणे, ठसा त्याच दिवशी नोंदवहीत लिहिणे, दुसरी प्रत ठाण्याबाहेर पाठविणे, महिन्यातून एकदा एखादी जुनी प्रत उघडून पाहणे हा मात्र वर्षानुवर्षांचा आवर्ती खर्च, आणि टंचाई आली की कात्री आधी त्यालाच लागते. न्यायालयाच्या आदेशाची पूर्तता किती कॅमेरे बसले यावर मोजली जाते. त्याऐवजी विधिमंडळात असा प्रश्न विचारला जावा की, अमुक ठाण्यातील बरोबर एक वर्षापूर्वीच्या तारखेचे चित्रण आज दाखविता येईल काय, आणि त्याचा ठसा त्या दिवशीच्या नोंदीशी जुळतो काय. जिल्हावार उत्तर मागितल्यास ते पटलावर ठेवण्यास फार कागद लागणार नाहीत.