दुंदुभी आणि मौन

पर्युषण पर्व आटोपले की आमच्या घोडेगावात दोन-चार दिवस घरोघर क्षमापनेच्या भेटी चालतात. यंदाच्या अशाच एका भेटीत शेजारच्या गल्लीतील एक कापडव्यापारी श्रावक घरी आले. परस्परांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून झाले, पाणी झाले. तरी ते उठेनात. अखेर म्हणाले, “भाऊ, मनातलं एक विचारू का?”

त्यांची मुलगी चार वर्षे पुण्यात जपानी भाषा शिकली. वरच्या परीक्षा ती चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. चाकणला किंवा रांजणगावला एखाद्या जपानी कंपनीत दुभाषी म्हणून नोकरी लागेल, पुण्यात घर होईल, असा सगळा हिशेब वडिलांनी मांडून ठेवला होता. आणि आता ती म्हणते, मला रंगभूमीचा अभ्यास करायचा आहे. जपानी नाट्य आणि तिथले ढोलवादन हा तिच्या संशोधनाचा विषय. केवळ ग्रंथालयात बसून तो होणार नाही. त्यासाठी आपण स्वतः नटी व्हायला हवे, ढोलही स्वतःच्या हातांनी वाजवायला हवा, असे तिचे म्हणणे.

“नाटक हा काय अभ्यासाचा विषय झाला? आणि ढोल तर चामड्याचा,” ते म्हणाले. त्यांच्या स्वरात राग नव्हता, काळजी होती. मला त्या क्षणी नीट उत्तर देता आले नाही. या महिन्याचे पान त्या दोन प्रश्नांसाठी.

पहिला प्रश्न नाटकाचा. त्याच आठवड्यात आपल्या मुलांनी इलाचीकुमाराची नाटिका सादर केली होती. कथा वाचकांना ठाऊक आहेच. श्रेष्ठीचा पुत्र एका नटकन्येवर लुब्ध होतो, घरदार सोडून डोंबाऱ्याची विद्या शिकतो आणि राजासमोर उंच बांबूवर खेळ करू लागतो. खाली ती कन्या ढोल वाजवीत असते. राजाही तिच्यावर मोहित झालेला. हा नट पडून मरावा, एवढीच त्याची इच्छा. म्हणून तो पुनःपुन्हा खेळ करायला लावतो. अशा वेळी बांबूच्या टोकावरून इलाचीला समोरच्या घरी एक मुनी दिसतात. रूपवती गृहिणी मोदक वहोरावीत आहे आणि मुनींची दृष्टी भूमीवरून ढळत नाही. त्या एका दृश्याने इलाचीचे मन आत वळते आणि तिथेच त्याला केवलज्ञान होते. आपल्या पूर्वजांनी ही कथा सांगताना त्याला खाली उतरवून, पोशाख बदलायला लावून, मग ज्ञान दिले नाही. ते नटाच्याच वेशात, ढोलाच्या नादातच झाले.

‘रायपसेणिय’ सूत्रात सूर्याभ देव भगवान महावीरांपुढे बत्तीस प्रकारचे नाट्य सादर करतो. तो आधी अनुज्ञा मागतो, तेव्हा भगवंत होकार देत नाहीत, नकारही देत नाहीत, मौन राहतात. नाट्याने राग-मोह वाढतो याची जाणीव आपल्या परंपरेला सदैव होती, म्हणून होकार नाही. पण नाट्याला तुच्छ लेखणारा शब्दही त्या मुखातून आला नाही. आणि बाराव्या शतकात हेमचंद्राचार्यांचे दोन शिष्य, रामचंद्र आणि गुणचंद्र, यांनी ‘नाट्यदर्पण’ हा संपूर्ण ग्रंथ नाट्यशास्त्रावर लिहिला. सर्व रस सुखरूपच असतात हे मत त्यांनी मान्य केले नाही. काही रस दुःखात्मकही असतात, असे त्यांनी निर्भयपणे मांडले. रामचंद्रसूरींनी ‘नलविलास’सारखी नाटकेही रचली. ज्या विषयावर पंचमहाव्रतधारी साधूंनी लेखणी चालवली, तो अभ्यासाचा विषय नाही असे आपण कोणत्या तोंडाने म्हणावे?

आता जपानकडे वळू. मराठी वाचकाला तिथल्या रंगभूमीची ओळख नवी नाही. नट, संगीतज्ञ आणि लेखक असलेल्या पु. ल. देशपांडे यांनी ‘पूर्वरंग’मध्ये आपल्याला पूर्वेकडचे देश आणि जपान दाखविला. पुण्यात सिंहगड रस्त्यावर जपानी धर्तीचे जे उद्यान आहे, त्याला त्यांचेच नाव आहे. आपल्यापैकी अनेकांनी मुलांना तिथे नेले असेल. मात्र त्या देशात नट आणि संशोधक एकाच देहात कसे नांदले, हे जाणायचे तर सहाशे वर्षे मागे जावे लागते.

झेआमी हा ‘नो’ नाट्याचा थोर नट. त्याचा जन्म सुमारे 1363 चा. वडील कानआमी हेही नटच. बालवयातच त्याला शोगुन योशिमित्सूचा आश्रय लाभला. नाटके लिहिणे आणि करणे यावर तो थांबला नाही. नटाच्या कलेचे मर्म काय, ते वयाबरोबर कसे बदलते, प्रेक्षकाच्या मनात नेमके काय घडते, याचा त्याने आयुष्यभर अभ्यास केला आणि अनेक प्रबंध लिहिले. ते घराण्यातच गुप्त राहिले. विसाव्या शतकात, 1909 मध्ये, ते छापून जगापुढे आले.

त्यातील ‘फूशिकादेन’ या प्रबंधात नटाच्या वयाचे टप्पे दिले आहेत, ते प्रत्येक आईवडिलांनी समजून घ्यावेत असे आहेत. शिक्षण सातव्या वर्षी सुरू करावे. पण त्या वयात चांगले-वाईट असे फार बजावू नये, नाहीतर मुलाचे मन विटते. सतरा-अठराव्या वर्षी आवाज फुटतो, अंगाचा डौल जातो, लोक हसतात. तोच खऱ्या परीक्षेचा काळ, तेव्हा निष्ठा सोडू नये. चोविशी-पंचविशीत लोक वाहवा करतात, पण ते तारुण्याचे क्षणिक फूल असते. त्याला आपली सिद्धी समजणारा नट तिथेच संपतो. आणि पन्नाशीनंतर करण्याजोगे थोडेच उरते. तरी फूल खरे असेल तर ते उरलेल्या थोड्यातही दिसते. याचे उदाहरण म्हणून तो स्वतःच्या वडिलांचे देतो. बावन्नाव्या वर्षी, मृत्यूच्या काही दिवस आधी, कानआमींनी अगदी मोजक्या हालचालींत केलेला प्रयोग तो विसरला नव्हता.

झेआमीचा आणखी एक विचार आपल्याला जवळचा वाटेल. नटाने स्वतःला प्रेक्षकाच्या जागेवरून पाहायला शिकावे, आपली पाठही आपल्याला दिसली पाहिजे, असे तो सांगतो. आपण प्रतिक्रमणात दुसरे काय करतो? दिवसभराच्या आपल्याच आचरणाकडे परक्याच्या डोळ्यांनी पाहतो. नट काहीही करीत नसतो, त्या क्षणांतच त्याची खरी कसोटी असते, हेही त्याचेच निरीक्षण. त्या स्तब्धतेतही मन सैल पडता कामा नये. आणि ते सावध आहे हे प्रेक्षकाला जाणवताही कामा नये.

‘नो’च्या ढोलांतही हेच तत्त्व आहे. खांद्यावर धरायचा लहान ढोल, मांडीवरचा मोठा आणि काठ्यांनी वाजवायचा तिसरा, असे तीन ढोल आणि एक बासरी एवढाच त्या नाट्याचा वाद्यमेळ. दोन आघातांमधल्या अंतराला तिकडे ‘मा’ म्हणतात. वादक आघाताआधी तोंडाने ‘यो’, ‘हो’ अशी हाळी देतात आणि त्या हाळीने ते अंतर मोजले जाते. आघात सगळ्यांना ऐकू येतो. कान तयार करावा लागतो तो मधल्या मौनासाठी. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे ज्याने मनापासून पाळली आहेत, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको.

सत्तरी ओलांडल्यावर झेआमीवर शोगुनची इतराजी झाली आणि 1434 मध्ये त्याला सादो बेटावर हद्दपार करण्यात आले. त्या बेटावर आजही ‘नो’ची तीसहून अधिक रंगस्थाने उभी आहेत, गावकरी शेती सांभाळून नाट्य करतात. याच सादोवर 1971 मध्ये देन तागायासू यांनी तरुणांना जमवून ‘ओंदेकोझा’ हे ढोलपथक उभे केले. धावणे हाही त्यांच्या शिक्षणाचाच भाग. 1975 मध्ये बोस्टनची मॅरेथॉन शर्यत धावून त्यांनी लगेच ढोल वाजविले. पुढे त्यांच्यातूनच ‘कोदो’ हे पथक निघाले आणि 1981 मध्ये बर्लिनला त्याचा पहिला प्रयोग झाला. ‘कोदो’ या नावाचा एक अर्थ हृदयाचा ठोका. वेगळ्या अक्षरांनी लिहिले तर दुसरा, ढोलाची लेकरे.

या पथकात जाऊ इच्छिणाऱ्याला आधी दोन वर्षे उमेदवारी करावी लागते. पहाटे उठणे, धावणे, भातशेती, स्वयंपाक, सफाई. आपण ज्याला ढोलाचे टिपरू म्हणतो, त्याला तिकडे ‘बाची’ म्हणतात. तेही स्वतः लाकूड तासून घडवायचे. इतके करूनही निवड होईलच असे नाही. 2012 ते 2016 या काळात या पथकाचे कलासंचालक होते काबुकी रंगभूमीचे थोर नट बांदो तामासाबुरो. स्त्रीभूमिकांसाठी ते जगद्विख्यात. त्यांचा जन्म नटांच्या घराण्यात झालेला नव्हता. एका ज्येष्ठ नटाने त्यांना दत्तक घेतले. नाट्य आणि ढोल यांची वाट एकच असू शकते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. त्या मुलीने अभ्यासाला निवडलेली वाट म्हणजे तिचा वेडेपणा नव्हे.

आता दुसरा प्रश्न, चामड्याचा. तो टाळता येणार नाही. मोठा जपानी ढोल झेल्कोवा वृक्षाच्या अखंड खोडातून कोरतात आणि त्यावर गाईचे कातडे ताणून खिळ्यांनी ठोकतात. अहिंसेचे व्रत मानणाऱ्याने यावर ‘कलेला सर्व क्षम्य’ असे म्हणून मोकळे होऊ नये. तीर्थंकरांच्या अष्टप्रातिहार्यांत दुंदुभी आहे. पण ती देवदुंदुभी, तिचा दाखला देऊन आपल्या हातातल्या ढोलाचे समर्थन होत नाही. पुण्याच्या ढोलपथकांत आज फायबरची पाने सर्रास वापरतात. अमेरिकेत जपानी ढोल शिकणारे कित्येकजण जुन्या टायरवर सराव करतात. म्हणजे शिकण्यापुरता तरी मार्ग आहे.

पण याच प्रश्नाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जपानमध्ये कातडे कमावणाऱ्यांना शतकानुशतके अस्पृश्यासारखे वागविले गेले. त्यांनी घडविलेला ढोल देवळात गेला, ते मात्र वेशीबाहेर राहिले. ओसाकातील अशाच एका वस्तीतल्या लोकांनी पुढे स्वतःचे ढोलपथक उभारून त्या अन्यायाला वाचा फोडली. आपल्याकडे हलगी घडविणाऱ्या आणि वाजविणाऱ्या हातांची कहाणी फार निराळी नाही. इथून जवळच्या नारायणगावाला तमाशाची पंढरी म्हणतात. तिथल्या ढोलकीवर लोक लुब्ध झाले, ढोलकीवाल्याला मात्र ओसरीवरही बसवले नाही. चामडे नाकारणे हा आपला धर्म असेल. माणूस नाकारणे ही हिंसाच.

आठवड्याने ती मुलगी भेटायला आली. मी चामड्याचा प्रश्न तिच्यापुढे ठेवला. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “काका, इथे मी टायरवरच वाजवते. तिकडे गुरूंच्या दारात गेल्यावर काय करायचं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. जाण्याआधी ठरवीन, आणि ठरवल्यावर पप्पांना सांगीन.” मला हे उत्तर आवडले. तयार उत्तर घेऊन आलेल्या मुलापेक्षा प्रश्न बरोबर घेऊन जाणारे मूल अधिक सुरक्षित असते.

तिच्या वडिलांना मी एवढेच सांगितले, की मुलीच्या विषयाचे नाव पाहू नका, तिची दिनचर्या पाहा. ती किती वाजता उठते, चुकल्यावर पुन्हा किती वेळा करते, स्तुती झाली तर थांबते की पुढे जाते, हे पाहा. स्वाध्याय ओळखायची आपली रीत हीच आहे. ते काही बोलले नाहीत. पण परवा दुकानात गेलो, तेव्हा मागच्या गोदामातून टायरवरचे ठोके ऐकू येत होते. गिऱ्हाईक नव्हते. ते गल्ल्यावर बसून ऐकत होते. मधेच ठोके थांबले, तेव्हा त्यांनी मान वर केली आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत तशीच धरली.

आपल्याही घरात असा एखादा आवाज येत असेल. तो बंद करण्यापूर्वी थोडा वेळ ऐकावा, एवढीच या महिन्याची विनंती.

जय जिनेंद्र.