चूक कोणाची?

माणसाच्या हातून चूक झाली, की तिचा दोष त्याच्याच माथी मारून मोकळे होण्याची जगाची रीत आहे. कोणी भलतेच औषध घेतले, तर लोक म्हणतात, “नीट वाचून का घेतले नाही?” कोणी भलत्याच गाडीत बसला, तर म्हणतात, “पाटी का पाहिली नाही?” हा प्रश्न अगदीच गैरवाजवी असतो असे नव्हे; निष्काळजीपणा हा दुर्गुण आहेच. परंतु त्याच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न विचारावयास हवा, आणि तो सहसा कोणी विचारीत नाही. ती पाटी वाचता येण्याजोगी होती काय? ती वाचणाऱ्याच्या सोयीसाठी लिहिली होती, की लिहिणाऱ्याच्या मिरवण्यासाठी? अमेरिकेतील न्यू यॉर्क शहरात एका विद्यार्थिनीने हा दुसरा प्रश्न विचारला. त्यातून जे निपजले, ते सर्वांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

डेबोरा ॲडलर ही त्या शहरातील ‘स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्‌स’ या कलाविद्यालयात ग्राफिक डिझाइन हा विषय शिकत होती. अक्षरे, रंग, चित्रे आणि त्यांच्यामधील मोकळी जागा यांची जुळणी करून सांगावयाची गोष्ट पाहणाऱ्याच्या ध्यानी चटकन आणून देणे, हे या विद्येचे काम होय. पुस्तकाचे मुखपृष्ठ, रस्त्यावरील पाटी, साबणाच्या वडीचे वेष्टन, बिस्किटांचा पुडा या सर्वांमागे हीच विद्या उभी असते. ती शिकणाऱ्यांना अभ्यासाचा भाग म्हणून एखादा माल निवडून त्याची खूण, त्याचे खोके किंवा त्याची बाटली नव्याने कल्पावी लागते. अशा वेळी चहा, अत्तर, मिठाई यांसारख्या मालाकडे मन ओढ घेणे स्वाभाविक आहे. कारण तेथे रंगरेषांची हौस मनमुराद भागविता येते. डेबोराने आपल्या प्रबंधासाठी निवडली, ती मात्र औषधाच्या गोळ्यांची साधी बाटली.

या निवडीचे कारण तिच्या घरातच घडले होते. तिच्या आजीचे नाव हेलन आणि आजोबांचे नाव हर्मन. एकदा आजीने आपल्या समजून आजोबांच्या गोळ्या घेतल्या. आपल्याकडे गोळ्यांच्या पट्ट्या मिळतात. अमेरिकेत मात्र औषधविक्रेता बहुधा मोठ्या डब्यातील गोळ्या मोजून लहान बाटलीत भरतो, तिच्यावर रोग्याच्या नावाची चिठ्ठी लावतो आणि ती बाटली गिऱ्हाइकाच्या हाती देतो. साहजिकच एका घरातील दोन माणसांच्या बाटल्यांचा आकार एक, रंग एक आणि झाकणही एक. त्यातून या दोघांच्या नावांचे पहिले अक्षरदेखील एकच! अशा जोडीतून हात भलत्या बाटलीवर पडला, यात नवल ते कोणते?

म्हातारपणी अशा चुका व्हावयाच्याच, असे म्हणून ही गोष्ट सोडून देता आली असती. नात तेवढ्यावर थांबली नाही. नित्याच्या पाहण्यातील ती बाटली ती जणू प्रथमच पाहू लागली. तांबूस-पिवळ्या रंगाची ती गोल बाटली दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आली आणि तेव्हापासून जवळजवळ जशीच्या तशी चालत राहिली होती. बाटली गोल असल्यामुळे चिठ्ठीवरील ओळ पुरती वाचावयाची, तर ती हातात फिरवावी लागे. अक्षरे बारीक होती. आकड्यांची तर अशी गर्दी, की गोळ्या किती घ्यावयाच्या हे सांगणारा आकडा कोणता, ते चटकन कळू नये. आणि चिठ्ठीवर डोळ्यांत भरेल असे काय छापलेले असे? औषधाचे नाव नव्हे, ते कसे घ्यावे हेही नव्हे. तेथे दुकानाचे नाव झळकत असे! ज्याला ते औषध घ्यावयाचे, त्याच्यापेक्षा ज्याने ते विकले, त्याचीच काळजी त्या चिठ्ठीने अधिक वाहिली होती.

२००२ साली डेबोराने आपली नवी योजना प्रबंधरूपाने मांडली. पुढे ‘टार्गेट’ या अमेरिकेतील मोठ्या दुकानसंस्थेने ती स्वीकारली. या संस्थेने क्लाउस रोसबर्ग या औद्योगिक रचनाकाराची नेमणूक केली, त्याने बाटलीच्या आकाराला अंतिम रूप दिले, आणि मे २००५ पासून त्या दुकानांत नवी बाटली मिळू लागली. ही बाटली आपल्या झाकणावर उलटी उभी राहत असे. तिच्या बाजू सपाट होत्या. त्यामुळे चिठ्ठी एका दृष्टिक्षेपात वाचता येई. चिठ्ठीवर एक आडवी रेघ होती. रेघेच्या वर औषधाचे नाव, त्याचे प्रमाण आणि ते कसे घ्यावयाचे याची सूचना. रेघेच्या खाली गोळ्यांची संख्या, मुदत, डॉक्टरांचे नाव इत्यादी इतर मजकूर. बाटलीच्या माथ्यावरही औषधाचे नाव असे, म्हणजे ती खणात ठेवली तरी वरून ओळखू यावी. औषधाची सविस्तर माहिती देणारे पत्रक चिठ्ठीच्या मागे सरकवून ठेवलेले असे. शिवाय बाटलीच्या गळ्यात रबराचे एक रंगीत कडे असे. सहा रंगांतून घरातील प्रत्येकाने आपापला रंग निवडावयाचा. आजीचे कडे हिरवे आणि आजोबांचे निळे ठरले, की चष्मा जवळ नसला तरी एकाची बाटली दुसऱ्याच्या हाती जाण्याचे भय उरत नाही.

डेबोराचा विचार किती बारकाईचा होता, हे एका शब्दावरून दिसून येते. इंग्रजीत ‘वन्स’ म्हणजे ‘एकदा’. परंतु नेमक्या त्याच अक्षरांनी लिहिलेल्या शब्दाचा स्पॅनिश भाषेतील अर्थ ‘अकरा’ असा आहे. अमेरिकेत स्पॅनिश बोलणारे लोक लक्षावधी आहेत. त्यांपैकी कोणी ‘दिवसातून एकदा’ या सूचनेतून अकरा गोळ्यांचा अर्थ काढला, तर केवढा अनर्थ होईल! म्हणून तिने तो शब्दच टाळला आणि ‘रोज’ या अर्थाचा शब्द वापरला. धोक्याच्या सूचना देणारी जुनी चिन्हेही नीट उमजत नाहीत, असे तिला आढळले. तेव्हा मिल्टन ग्लेसर या नामवंत रचनाकाराच्या साहाय्याने तिने पंचवीस महत्त्वाची चिन्हे नव्याने रेखाटली. २००५ सालीच न्यू यॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने सुरक्षिततेसाठी केलेल्या रचनांचे एक प्रदर्शन भरविले. थोर चित्रकारांच्या कृती जेथे जतन केल्या जातात, त्या वास्तूत ही औषधाची बाटलीही मांडण्यात आली होती.

यावर कोणी असे म्हणेल, की वेष्टन म्हणजे शेवटी वरवरचा थाट. आतील वस्तू चांगली असली, म्हणजे झाले. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. मोठ्या खोक्यात मूठभर माल भरून गिऱ्हाइकाला भुलविणारे, किंवा पुड्यावर रसरशीत फळाचे चित्र छापून आत केवळ फळाचा वास घातलेले पाणी विकणारे लोक या जगात आहेत. परंतु भाषेच्या साहाय्याने खोटे बोलता येते, म्हणून भाषा त्याज्य ठरत नाही. वेष्टनाचीही गोष्ट तशीच आहे. ते वस्तूच्या वतीने माणसाशी बोलते. ते खरे बोलते की खोटे, स्पष्ट बोलते की पुटपुटते, एवढाच प्रश्न असतो. औषध कितीही गुणकारी असो, ते कोणी व किती घ्यावे हे कळले नाही, तर त्याचेच विष होण्यास वेळ लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ज्याला वाचता येते, त्याने नीट वाचावे. इतरांनी त्याचे लाड का करावेत? या आक्षेपाला उत्तर एवढेच, की औषधाची चिठ्ठी निरोगी माणूस दिवसाच्या उजेडात टेबलाशी बसून वाचीत नसतो. ती वाचणारा बहुधा आजारी, वृद्ध किंवा आजाऱ्याच्या उशाशी जागून थकलेला असतो. दिवा मंद असतो, चष्मा सापडत नसतो, मन धास्तावलेले असते. अशा माणसाकडून दक्षतेची अपेक्षा जरूर करावी. पण चिठ्ठी लिहिणाऱ्याने आपल्या वाट्याची दक्षता अगोदर पाळलेली असावी. तो निवांत असतो, त्याच्यापाशी वेळ असतो आणि साधनेही असतात. तेव्हा दोघांपैकी अधिक जबाबदारी कोणावर पडते, हे उघड आहे.

असा विचार परदेशी लोकांनाच सुचतो, असे मात्र समजू नये. काही दशकांपूर्वीपर्यंत महाराष्ट्रातील दवाखान्यांत पातळ औषध बाटलीत घालून देत. कंपाउंडर त्या बाटलीवर कागदाची एक उभी पट्टी चिकटवीत असे. ती पट्टी कडेने कातरून तिच्यावर सारख्या अंतराच्या खाचा केलेल्या असत. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एका वेळचे औषध. ज्या म्हातारीला अक्षरओळख नव्हती, तिलाही एका वेळी किती घ्यावयाचे हे त्या खाचांवरून कळे. त्या पट्टीला खर्च जवळजवळ नव्हताच. कात्री, कागद, खळ आणि समोरच्या माणसाची अडचण ओळखणारे मन एवढ्यावर ती तयार होई. न्यू यॉर्कच्या रंगीत कड्यात आणि या कातरलेल्या पट्टीत साधनांचा फरक आहे, बुद्धीचा नाही.

मात्र चांगली गोष्ट एकदा निघाली म्हणजे आपोआप टिकते, हाही भ्रमच होय. २०१५ साली टार्गेटने आपला औषधविक्रीचा विभाग दुसऱ्या एका संस्थेला विकला. त्यानंतर ती नवी बाटली दुकानांतून नाहीशी झाली आणि पुन्हा जुन्या घडणीच्या बाटल्या आल्या. सोय हातची गेल्यावर अनेक ग्राहकांनी तक्रारी केल्या. सोयीची वस्तू टिकावी असे वाटत असेल, तर वापरणाऱ्यांनी तिची किंमत ओळखली पाहिजे आणि ती मोठ्याने मागितलीही पाहिजे, हा धडा या घटनेतून मिळतो.

आपल्या घरातील औषधांच्या पट्ट्याही अशा डोळस नजरेने पाहण्यासारख्या आहेत. काही पट्ट्यांवर एक उभी लाल रेघ असते. ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत, असे ती रेघ सांगते. तिची ओळख लोकांना व्हावी म्हणून भारत सरकारने २०१६ साली मोहीमही काढली होती. परंतु अनेक पट्ट्यांवर औषधाची मुदत एकाच टोकाला, तीही बारीक अक्षरांत उमटविलेली असते. पट्टी कापली, की मुदत एका तुकड्यावर राहते आणि उरलेल्या गोळ्या मुक्या होतात. म्हणून गोळ्या दुसऱ्या टोकापासून काढाव्यात आणि मुदतीचे टोक शेवटपर्यंत राखावे. ही काळजी घरातील बारा वर्षांचे मूलही घेऊ शकते. आणि मुदत पट्टीभर पुनःपुन्हा का छापीत नाहीत, हा प्रश्नही ते विचारू शकते.

ज्याला चार ओळी लिहिता येतात, त्याच्यावर थोड्या प्रमाणात हीच जबाबदारी येते. शाळेच्या फळ्यावर सूचना लिहिणारा विद्यार्थी, घरातील डब्यांवर नावे चिकटविणारी मुलगी, पाहुण्याला वाटेचा नकाशा काढून देणारा मुलगा, हे सारे त्या क्षणी दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी काम करीत असतात. मागच्या बाकावरून फळा वाचता येतो का, मीठ आणि सोडा यांचे डबे आजीला वेगळे ओळखू येतात का, नकाशातील वळण अनोळखी माणसाला सापडेल का, हे त्यांनी लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारले, तर पुढच्या पुष्कळ चुका टळतील. एवढे करूनही कोणी चुकलाच, तर त्याला बोल लावण्याआधी आपण लिहिलेली ओळ पुन्हा एकदा त्याच्या जागी उभे राहून वाचावी.