प्रोफाइल नंबर किती टाकू?

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ सांभाळून घ्या.

मागच्या वर्षी आपल्या होस्टेलवर जेंटूची साथ आली होती. उबुंटू म्हणजे पोरखेळ, सगळं सोर्सपासून कंपाइल करेल तोच खरा लिनक्सवाला, अशी हवा! जेंटू टाकताना मध्येच प्रोफाइल निवडावं लागतं. 'इसिलेक्ट प्रोफाइल लिस्ट' अशी कमांड दिली की भली मोठी यादी येते: साधं, डेस्कटॉप, ग्नोम, प्लाझ्मा, हार्डन्ड, त्यात परत सिस्टमडीवाले वेगळे. प्रत्येकापुढे नंबर. माझा मुरबाडकडचा रूममेट म्हणाला, "किती नंबर टाकू रे?" मी मान वर न करता माझाच सांगून टाकला. प्लाझ्मावाला.

प्रोफाइल म्हणजे मेसची थाळी. थाळी ठरली की त्यात काय काय येणार ते ठरतं. एखादी वाटी नंतर बदलता येते, पण सगळंच नाही. नो-मल्टिलिब घेतलं तर ३२ बिटचे प्रोग्राम चालत नाहीत, आणि परत फिरायचं तर जवळजवळ नव्याने इन्स्टॉल करा.

पठ्ठ्या शनिवारी लॅपटॉप घेऊन एसटीने गावी गेला. चार जीबी रॅम, बॅटरी मेलेली. परतीच्या पावसात रात्री दोनदा लाइट गेली. जेंटूमध्ये झालेली पॅकेजेस टिकतात, पण अर्धवट राहिलेलं पहिल्यापासून कंपाइल होतं. होस्टेलला जनरेटर आहे, म्हणून माझ्या हे डोक्यातही आलं नव्हतं. सोमवारी प्रोजेक्टचा रिव्ह्यू होता आणि त्याचा प्रोग्राम एकदाही चालवून झाला नव्हता. सरांची बोलणी त्याने खाल्ली, माझं नाव घेतलं नाही.

त्याला हवं काय होतं? पाण्याच्या टाकीची लेव्हल मोजायला जीसीसी आणि एक एडिटर. साधं प्रोफाइल पुरलं असतं. डिसेंबर २०२३ पासून जेंटू स्वतःच तयार बायनरी पॅकेजेसही देतं, तेही मी सांगितलं नाही. खरं तर त्याला डेबियन पुरेसं होतं, पण ते सांगायला कमीपणा वाटला.

आपण सीनियर लोक मदत करतो म्हणजे आपली थाळी दुसऱ्याच्या पुढ्यात सरकवतो. मशीन कशासाठी हवं, रॅम किती, घरी लाइट-नेट कसं, हे विचारायला दोन मिनिटं लागतात. आणि सांगायचंच तर नाव सांगा, नंबर नको. यादी बदलते, नंबर सरकतात. २०२४ मध्ये २३.० ची नवी प्रोफाइल्स आली, तेव्हा जुन्या वहीतले नंबर गेले कचऱ्यात.

परवा शहापूरचा एक फर्स्ट इयरवाला रूमवर आला. "दादा, प्रोफाइल नंबर किती टाकू?"

"बस आधी. तुमच्याकडे लाइट किती वेळा जाते?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. रूममेट मात्र कॉटवर पडल्या पडल्या खो खो हसत होता.