बिडी, ऊन आणि कातडी

उज्जैनला देवास गेटच्या बसस्टँडवर सकाळी हमालांच्या घोळक्यात उभे राहिले की बिडी कशी ओढतात ते नीट दिसते. सारखा झुरका मारला नाही तर ती विझते, म्हणून माणूस तिला ओठांतून सोडत नाही. शेवटचा झुरका तर निखारा ओठाला चटका देईपर्यंत. खालच्या ओठावर काळा डाग, दोन बोटांची कातडी पिवळी पडलेली. याच ओठांवर दिवसभर ऊन, तेही कर्कवृत्ताच्या शेजारच्या गावचे.

यांना तंबाखू आणि कातडीच्या कर्करोगाबद्दल सांगितले की ठरलेले उत्तर येते : तो गोऱ्यांचा रोग! सावळ्या कातडीला उन्हापासून संरक्षण मिळते आणि आपल्याकडे हा रोग कमी आढळतो, हे खरेच आहे. पण कमी म्हणजे नाही असे नव्हे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली आपल्या सवयींतून उद्भवणाऱ्या तीन कर्करोगांवर निबंध लिहिला. खैनीने ओठाला, पेटते टोक तोंडात धरून ओढलेल्या चुट्ट्याने टाळूला, आणि धोतराच्या घट्ट काचाने कमरेच्या कातडीला. ती कमर सावळीच होती. रोज त्याच जागी होणारा त्रास कातडीचा रंग पाहत नाही.

दुसरा पूर्वपक्ष उज्जैनच्याच रामघाटावरचा. साधू जन्मभर चिलीम ओढतात, त्यांना काय झाले? २०१६च्या सिंहस्थात ज्यांना पाहिले, त्यांतले जे २०२८ला येतील तेच आपण पुन्हा पाहू. जे येणार नाहीत त्यांची गणती घाटावर होत नाही.

तिसरा आक्षेप शिकलेल्यांचा : काही अभ्यासांत धूम्रपान करणाऱ्यांत मेलॅनोमा हा कातडीचा कर्करोग कमीच दिसला. दिसला, हे मान्य. पण लीड्सच्या संशोधकांनी ७०३ मेलॅनोमा रुग्णांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध केला. त्यात दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्यांची जगण्याची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा सुमारे ४० टक्के कमी निघाली. रोग झाल्यावर जिला झुंजायचे ती प्रतिकारशक्तीच धुराने दुबळी होत असावी, असा त्यांचा अंदाज. याला तंबाखूची भलामण कोण म्हणेल?

आता आमच्याच बाजूच्या, तंबाखूविरोधी मंडळींना सांगायचे आहे. धुराने सगळे त्वचाकर्करोग होतात, असे फलक लावू नका. २०१२ साली २५ अभ्यास एकत्र तपासले गेले, तेव्हा बेसल सेल प्रकाराशी धूम्रपानाचा संबंध दिसला नाही. स्क्वॅमस सेल प्रकाराचा धोका मात्र सुमारे दीडपट निघाला. फुप्फुसाच्या कर्करोगापुढे हा आकडा लहान आहे आणि कातडीचा मुख्य शत्रू ऊनच आहे. पण भारतात कातडीच्या कर्करोगांत जास्त आढळतो तो हाच स्क्वॅमस प्रकार. ओठाचा कर्करोगही बहुधा याच जातीचा. म्हणून हे दीडपट आपल्याला लागू आहे. फुगवून सांगितलेली गोष्ट एकदा खोटी ठरली की हमाल खरीही ऐकत नाही.

ओठावर, कानावर, हातावर किंवा जुन्या भाजल्याच्या वणावर तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर मलम बदलत बसू नका. सरकारी दवाखान्यात जा, बायॉप्सी करून घ्या, आणि बिडी ओढत असाल तर डॉक्टरांना ते आधी सांगा.