हौदातली विक्रांत

नळाला पाणी कधी येईल हे पंचांगात पाहावे, असे आमचे धाराशिव. तिथे मराठीच्या प्राध्यापकाने युद्धनौका बांधायला काढावी, याला काय म्हणावे? आमच्या सौ.ने म्हणायचे ते म्हणून घेतले आहे.

पण ‘विक्रांत’ मनातून जाईना. १९६१ साली ती नौदलात आली, १९७१ च्या युद्धात लढली, १९९७ साली निवृत्त झाली आणि २०१४ मध्ये मुंबईत भंगारात निघाली. आपल्याला जपता आली नाही, ती निदान घरात असावी!

मूळ जहाज सातशे फूट. शंभराव्या हिश्शाने माझे सात. प्लायवूडच्या फासळ्या, वर स्टायरीनचे पातळ पत्रे. सपाट बाजूंवर पत्रा मुकाट्याने बसला. पुढच्या निमुळत्या नाळेवर मात्र त्याला दोन्ही अंगांनी वळायचे होते. तिथे तो अडला. अखेर बोटभर पट्ट्या कापून एकेक चिकटवली, फटी लुकणाने बुजवल्या.

परवा टँकर आला, वापरायच्या पाण्याचा हौद भरला. “आधी तुमचे जहाज सोडा,” सौ. म्हणाली. सोडले, तर ते डावीकडे कलले! तिनेच घरातली जुनी वजने आणून दिली. ती उजवीकडे ठेवताच विक्रांत सरळ उभी राहिली.

मग सौ.ने बादली बुडवली. हौदात लाट उठली आणि विक्रांत क्षणभर समुद्रात असल्यासारखी डुलली.