हिरवा डंप, तांबडे शेत

७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. त्यानंतर खाणी पुन्हा केव्हा सुरू होणार, या एकाच प्रश्नाचा घोष झाला. डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांतील कुळांचा व लहान शेतकऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. दर पावसाळ्यात डंपांवरून भातशेतीत उतरणारा तांबडा गाळ थांबणार केव्हा?

खाणमालकांचे उत्तर तयार असते: झाडे लावली आहेत. हे उत्तर तपासलेच पाहिजे.

गोव्यात एक टन लोहखनिजामागे सुमारे अडीच ते तीन टन माती-दगड उपसावा लागतो. पोर्तुगीज राजवटीने वाटलेले पट्टे साधारणतः शंभर हेक्टरांपर्यंतचे. आत जागा अपुरी, म्हणून हा उपसा पट्ट्याबाहेर, टेकडीच्या उतारावर, ओढ्याच्या काठी रचला गेला. त्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत! अशा सैल व निःसत्त्व उतारांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावण्यात आली. ती नत्र स्थिर करते, निकृष्ट जमिनीत तग धरते आणि वार्षिक अहवालातील छायाचित्रात शोभून दिसते. परंतु तिच्या दाट सावलीत, सावकाश कुजणाऱ्या पाल्याखाली, गवत रुजत नाही. आणि माती बांधून ठेवतात ती गवताची तंतुमय मुळेच. शेंड्यावरून ओघळणारा जड थेंब उघड्या मातीवर आदळतो, तेथे चर पडतो, चराची घळ होते. वरून डंप हिरवा दिसत असतो आणि खाली शेत तांबडे होत असते.

उपाय कोणास ठाऊक नाही? उताराला पायऱ्या पाडणे, पायथ्याशी जांभ्या दगडाचा बांध व चर, गाळ बसण्यासाठी तळी, प्रथम वाळा व शेंगवर्गीय वेली, मग देशी वृक्ष. त्याही आधी वरचा सुपीक थर वेगळा काढून राखणे. १९८८ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांनीच ते बंधन घातले होते. बंधनाच्या पूर्ततेसाठी २००३ मध्ये जी हमी-रक्कम ठरली, ती मोठ्या खाणींना हेक्टरी २५,००० रुपये! २०१७ मध्ये ती ३ लाख, म्हणजे बारापट, करावी लागली. पहिल्या आकड्याची लायकी यावरून दिसते.

शेजारच्या कर्नाटकात, बळ्ळारीच्या खाणींबाबत, १८ एप्रिल २०१३ च्या निकालाने क्रम उलटा केला: आधी प्रत्येक पट्ट्याच्या पुनर्स्थापनेचा आराखडा, मग उत्खनन. तेथील अंमलबजावणी निर्दोष झाली असे कोणी म्हणणार नाही. पण क्रम बरोबर होता. ८ जानेवारी २०२० रोजी तर न्यायालयाने देशभरच्या पट्ट्यांसाठी अट घालण्यास सांगितले की, काम संपल्यावर खाणक्षेत्रावर चारा उगवेल असे गवत पुन्हा धरवावे. गवत, केवळ झाडे नव्हेत!

आता जुने डंप उपसून त्यांतील कमी प्रतीचे खनिज विकण्याचे धोरण गोवा सरकारने २०२३ मध्ये आखले आहे. म्हणजे जेथे थोडेबहुत गवत धरले असेल, तेथील मातीही पुन्हा मोकळी होणार. खाणकामगाराला शेतकऱ्यासमोर उभे करण्याचा डाव येथेच उधळला पाहिजे. पायऱ्या पाडणे, बांध घालणे, वाळा लावणे हे सारे माणसांच्या हातांचे काम आहे, आणि खाणबंदीत बेकार झालेले हात त्याच गावांत आहेत. डंपाला फावडे लागण्यापूर्वी या कामाचा पूर्ण खर्च मालकाने सरकारजमा करावा. दर मे महिन्यात, पहिल्या पावसाआधी, कुळे व कामगार यांच्या प्रतिनिधींनी प्रत्येक बांध व प्रत्येक तळे पाहावे. त्यांच्या सहीवाचून एकाही ट्रकला परवाना मिळता कामा नये.